अचानक आलेला उकाडा, चढउताराची हाफ मॅरेथॉन आणि माझी पाच लिटरची हायड्रेशन वेस्ट

आठ महिने झाले ही वेस्ट, म्हणजे पाणी आणि सामान अंगावर घेऊन धावायचं बिनबाह्यांचं जॅकेट, वापरतेय, पाचशे-साडेपाचशे किलोमीटर तरी झाले असतील हिच्यासोबत, पण रिव्ह्यू लिहायचं मी मुद्दाम थांबवलं होतं कारण थंड सकाळी, रिकाम्या रस्त्यावर, मनासारख्या पेसने धावताना कुठलीही वेस्ट चांगलीच वाटते. मागच्या रविवारी मात्र तिची खरी परीक्षा झाली. चढउताराची हाफ मॅरेथॉन होती, म्हणजे २१ किलोमीटर, फोरकास्टमध्ये आधी १२ अंश दाखवत होते, आणि स्टार्ट लाइनवर उभी राहिले तेव्हाच १९ होतं, तेही सूर्य वर यायच्या आधी. संपवलं तेव्हा २८. आता लिहिते.

कंपनीचं नाव टाकत नाहीये कारण जे लिहितेय ते या बनावटीच्या जवळपास प्रत्येक वेस्टला लागू आहे. मागे पाच लिटरचा कप्पा (ही सामानाची जागा, पाण्याची नाही), पुढे छातीवर दोन खिसे आणि त्यात दोन अर्ध्या लिटरच्या मऊ बाटल्या, म्हणजे सॉफ्ट फ्लास्क, छातीवरून दोन आडवे पट्टे, खांद्याला एक छोटी शिट्टी. रिकाम्या फ्लास्क धरून वजन अडीचशे ग्रॅमच्या आसपास. पाणी भरलं की अर्थातच वाढतं, लिटरभर पाणी म्हणजे सरळ एक किलो अंगावर, आणि चढावर तो किलो तुम्हालाच वर न्यायचा असतो हे विकत घेताना कोणी सांगत नाही.

बरेच जण विचारतात की २१ किलोमीटरला वेस्ट कशाला, पाण्याची टेबलं असतातच की. सपाट रस्ता आणि थंड हवा असेल तर माझंही तेच मत आहे, नका घालू. पण डोंगराळ रस्त्यावर किलोमीटर मोजून चालत नाही, वेळ मोजावा लागतो. सपाटीवर पाच किलोमीटर म्हणजे अर्धा-पाऊण तास, तेच चढावर कधी तास होतो कळत नाही आणि तो तास नेमका सगळ्यात जास्त घामाचा असतो. आमच्या रूटवर चार ठिकाणी पाणी होतं, साडेचार, साडेनऊ, चौदा आणि अठरा किलोमीटरला. कागदावर बघितलं तर बरं वाटतं. रूटवर तीन चढ होते, पहिला तिसऱ्या किलोमीटरला सुरू होऊन सातव्याला संपणारा, तोच सगळ्यात मोठा, मग दहा ते तेरा, मग शेवटचा सतरा ते एकोणीस. सगळे मिळून पावणेपाचशे मीटरची चढाई.

आधी फिटिंगबद्दल लिहिते कारण बायकांना यात सगळ्यात जास्त त्रास होतो आणि याबद्दल कोणी धड लिहीत नाही. पुरुषांच्या किंवा सगळ्यांसाठी म्हणून बनवलेल्या वेस्टमध्ये फ्लास्क बरोबर छातीवर येतात, भरलेली बाटली वरून दाबते आणि पट्टा घट्ट केला की श्वास पुरत नाही, सैल केला की उतारावर सगळं उडतं. बायकांच्या आकाराची वेस्ट घ्या, तिचे खिसे थोडे बाहेरच्या बाजूला आणि उंचीला वेगळे असतात, आणि पट्टे वरखाली सरकवता येतात की नाही ते आधी बघा. माझ्या वेस्टमध्ये पट्टे एका रेलवर सरकतात, मी एक पट्टा छातीच्या वर आणि एक खाली असा लावते, मधल्या भागावर काहीच येत नाही, हे जमल्यावर मला पहिल्यांदा वाटलं की हां, आता ही माझी झाली. ट्राय करताना रिकामी घालून बघू नका. दोन्ही फ्लास्क भरा, मागे एखादं जॅकेट कोंबा, फोन टाका आणि जागेवर उड्या मारा. आणि पूर्ण फुफ्फुस भरून श्वास घेऊन बघा, कारण चढावर तसाच श्वास लागतो. रिकामी असताना जी साइज बरोबर वाटते ती भरल्यावर घट्ट होते. मी सुरुवातीला एक साइज लहान घेतली होती, बदलून आणली.

फ्लास्क भरायचीही एक पद्धत आहे, मला ती दोन महिन्यांनी कळली. पाणी भरून झाकण लावलं की आत थोडी हवा राहते आणि तीच डुचमळते, प्रत्येक पावलाला छातीवर डुबुक डुबुक आवाज. फ्लास्क उलटी करायची नाही, सरळच धरायची म्हणजे हवा तोंडाशी येते, आणि हलकी दाबत ती हवा चोखून घ्यायची. आवाज बंद. पाणी संपत जातं तशी फ्लास्क आक्रसत जाते आणि डुचमळ होत नाही, कडक बाटलीपेक्षा या मऊ बाटलीचा हाच खरा फायदा आहे. अजून एक, भरलेली फ्लास्क खिशात घालायची तर आधी पट्टे सैल करा. पट्टे बांधलेले असताना ती आत जातच नाही, वाकते, मध्येच अडकते आणि घामेजल्या हातांनी पाच वेळा ढकलावी लागते.

त्या सकाळी हवा बघून मी प्लॅन बदलला. डाव्या फ्लास्कमध्ये मिठासाखरेचं पेय, उजवीत साधं पाणी, असं मी एरवीही करते, पण या वेळी साधं पाणी प्यायला कमी आणि अंगावर ओतायला जास्त असं ठरवलं. गोड चिकट पेय डोक्यावर ओतता येत नाही ना, म्हणून एका बाजूला साधं पाणी हवंच. आणि मागच्या कप्प्यात एका झिपच्या पिशवीत बर्फ. हा बर्फ आदल्या रात्री घेऊन ठेवला होता तो नुसता फ्लास्कमध्ये टाकायला, पण स्टार्टला उकाड्याचा धोका किती ते दाखवणारा रंगीत झेंड्याचा बोर्ड लावला होता, तो हिरव्याचा पिवळा केलेला बघितला आणि सगळा बर्फ पाठीवर टाकला.

या झेंड्यांबद्दल दोन ओळी, कारण बरेच लोक त्याकडे न बघताच पुढे जात होते. ते नुसतं तापमान नसतं. ऊन, दमटपणा आणि हवा तिन्ही धरून एक आकडा काढतात, त्यात ओल्या फडक्याच्या थर्मामीटरला ७० टक्के वजन, उन्हात ठेवलेल्या काळ्या गोळ्यातल्या थर्मामीटरला २० टक्के आणि साध्या हवेच्या तापमानाला फक्त १० टक्के. म्हणजे आपण फोनवर जो आकडा बघून 'काही नाही, २० तर आहे' म्हणतो त्याची किंमत त्यात एक दशांश. घाम सुकतो की नाही हाच मुख्य प्रश्न असतो, म्हणून ओल्या फडक्याला एवढं वजन.

पहिला चढ. इथे मला एक गोष्ट कळली जी एवढ्या वर्षांत लक्षात आली नव्हती. चढावर मेहनत तेवढीच किंवा जास्त, म्हणजे शरीरात उष्णता तेवढीच तयार होतेय, पण वेग अर्धा झालेला, म्हणजे अंगावर येणारा वारा पण अर्धा. त्यात ऊन पडलं की डोंगराची बाजू तापते आणि तिला लागून असलेली गरम हवा वर सरकायला लागते, म्हणजे वारा मागून येतो, आपल्याच वेगाने, आणि मग अंगाला वारा लागतच नाही. झाडाचं पान हलताना दिसतंय आणि मला काहीच लागत नाहीये असं ते वाटत होतं. घाम हनुवटीवरून टपटप गळत होता. गळलेला घाम फुकट जातो, तो सुकला तरच अंग थंड होतं. माझं वजन ५८ किलो, किलोमीटरला किलोमागे साधारण एक किलोकॅलरी या हिशोबाने २१ किलोमीटरला बाराशेच्या वर किलोकॅलरी होतात, चढ वेगळा, आणि त्यातला तीन चतुर्थांश किंवा जास्तच भाग नुसती उष्णता होऊन बाहेर पडायला बघत असतो. एक लिटर घाम पूर्ण सुकला तर साधारण ५८० किलोकॅलरी घेऊन जातो. म्हणजे दीड लिटरच्या वर घाम नुसता येऊन भागत नाही, तेवढा अंगावरून सुकायला हवा.

आणि इथेच वेस्टचा सगळ्यात मोठा दोष. पाठ झाकली जाते. जाळीचं कापड, छिद्रं, हवेशीर वगैरे सगळं लिहिलेलं असतं, पण घामाने भिजल्यावर ती जाळी पाठीला चिकटते आणि त्या सगळ्या भागाचा घाम सुकतच नाही, नुसता खाली कमरेत उतरतो. माझ्यासोबत हातात एक बाटली धरून धावणारी मैत्रीण होती, तिचा टीशर्ट पाठीवर फडफडत होता आणि माझी पाठ उकडत होती, हे मान्य करावं लागेल. बर्फ होता तोपर्यंत उलट मलाच फायदा झाला, सातव्या किलोमीटरपर्यंत पाठीवरून थंड पाणी झिरपत होतं आणि त्यामुळेच मी तो चढ शाबूत डोक्याने काढला. दहाव्या किलोमीटरपर्यंत बर्फ संपला. मग ती वेस्ट म्हणजे ओलं गरम फडकं. ज्या कंपन्या पाठीचा भाग अगदी अरुंद ठेवतात किंवा पाठीपासून थोडा उचललेला ठेवतात त्यांच्या वेस्ट उन्हासाठी जास्त चांगल्या असणार, पुढची घेताना मी हेच आधी बघणार आहे.

पिण्याबद्दल. चढावर मधोमध प्यायला जाऊ नका. श्वास इतका लागलेला असतो की घोट घ्यायला श्वास रोखावा लागतो, ठसका लागतो, लय मोडते. मी आता चढ संपता संपता जिथे रस्ता जरा सपाट होतो तिथे दोन-तीन घोट घेते, उतार लागायच्या आधी, कारण उतारावर पोटात पाणी हिंदकळतं. वेस्टचं खरं मोल मला इथे वाटतं. टेबल जिथे असेल तिथे प्यावं लागत नाही, आपल्याला सोयीचं असेल तिथे पिता येतं. आमच्या रूटवर साडेचारचं टेबल भर चढात होतं, तिथे लोक ग्लास घेऊन थांबत होते, धापा टाकत पीत होते, मी सरळ पुढे गेले.

साडेनऊला मात्र सगळ्यांनाच थांबायचं होतं. पहिला मोठा चढ झालेला, ऊन वर आलेलं, दुसरा चढ समोर दिसतोय. आणि टेबलावर पाणी नाही. रिकामे जार, जमिनीवर चिखल आणि ग्लासांचा खच. दोन मुली होत्या तिथे स्वयंसेवक म्हणून, अगदी लहान, रडवेल्या झाल्या होत्या, त्यांच्यावर लोक ओरडत होते. त्यांची काय चूक, आधीच्या लोकांनी एकेका ग्लासाऐवजी तीन-तीन घेतले, प्यायला एक आणि डोक्यावर दोन, उकाड्यात प्रत्येक जण तेच करणार आणि पाणी मोजताना आयोजकांनी हे धरायलाच हवं होतं. फोरकास्ट बदललं हे आदल्या संध्याकाळीच दिसत होतं. २००७ च्या शिकागो मॅरेथॉनमध्ये तापमान ३० च्या वर गेलं, पाणी पुरलं नाही अशा तक्रारी धावणाऱ्यांनी केल्या आणि शेवटी शर्यत मध्येच थांबवावी लागली, इतक्या मोठ्या शर्यतीत हे होऊ शकतं तर लहान शर्यतीत होऊच शकतं हे आपणच गृहीत धरायला हवं. माझा हिशोब सांगते, साडेचारच्या टेबलापासून चौदाच्या टेबलापर्यंत साडेनऊ किलोमीटर, त्यात पहिल्या चढाचा अर्ध्याहून जास्त भाग आणि दुसरा चढ अख्खा, त्या दिवशीच्या माझ्या पेसने सव्वा तासाच्या आसपास. तेवढा वेळ पाण्याचा थेंब नाही. माझ्याकडे तेव्हा दोन्ही मिळून साडेचारशे-पाचशे एमएल शिल्लक होतं. मैत्रिणीची बाटली संपली होती, आम्ही माझं पाणी वाटून घेतलं आणि दुसरा चढ दोघींनी चालत काढला.

चालत काढला हे मुद्दाम लिहितेय. वेस्ट घातली, पाणी जवळ आहे, मीठ आहे, म्हणजे आता ठरलेल्या पेसने जाता येईल असं वाटतं, मलाही पहिल्या तीन किलोमीटरमध्ये वाटलं होतं. तसं होत नाही. उकाड्यात रक्त कातडीकडे वळतं, अंग थंड करायला, घामाने रक्तातलं पाणीही कमी होतं, मग प्रत्येक ठोक्याला हृदयातून कमी रक्त बाहेर पडतं आणि तेच काम करायला ठोके वाढवावे लागतात. त्याच पेसला माझा हार्ट रेट एरवीपेक्षा १५ ने वर होता. तो आकडा बघितला आणि घड्याळाची स्क्रीन बदलली, पेस काढून टाकला, फक्त हार्ट रेट ठेवला. अंगाला उकाड्याची सवय व्हायला १० ते १४ दिवस लागतात, रोज त्या हवेत धावून, आणि आमची सगळी प्रॅक्टिस थंड सकाळची. कुठलीही वस्तू विकत घेऊन ते दोन आठवडे मिळत नाहीत. २०१९ ला दोह्यात जागतिक अ‍ॅथलेटिक्स स्पर्धेतली बायकांची मॅरेथॉन उकाड्यामुळे मध्यरात्री सुरू केली होती, तरी ६८ पैकी २८ जणी पूर्ण करू शकल्या नाहीत, जगातल्या सगळ्यात फिट बायका त्या. सव्वादोन तासांचं माझं टार्गेट होतं, दोन तास एकतीस मिनिटं लागली (अठराव्या किलोमीटरला थांबावं लागलं तो वेळ सोडून), आणि मला त्याचं जराही वाईट वाटत नाहीये.

चौदाला पाणी भरपूर होतं, आणि तिथे वेस्टचा दुसरा दोष कळला. फ्लास्कचं तोंड अरुंद. मोठ्या जारच्या तोटीखाली धरली की निम्मं पाणी बाहेर, मऊ बाटली हातात उभी राहत नाही, दाबली जाते, आणि घाईत झाकणाचा आटा वाकडा बसला तो धावायला लागल्यावर कळलं, मांडीपर्यंत गोड पाण्याचा ओघळ. रुंद तोंडाच्या फ्लास्क मिळतात, त्याच घ्या, थोड्या जड असतात पण बर्फाचे खडेही आत जातात आणि नंतर हात घालून धुताही येतात. वेस्टसोबत आलेल्या अरुंद तोंडाच्या मी आता नुसत्या थंड दिवसांसाठी ठेवल्यात.

आता अठराव्या किलोमीटरचं लिहिते. शेवटच्या चढावर, टेबलाच्या दोन-तीनशे मीटर आधी, एक काका माझ्या पुढे वेडेवाकडे धावत होते. आधी वाटलं पायात गोळा आला असेल. जवळ गेले तर रस्त्याच्या कडेला जाऊन परत मध्ये येत होते, मी विचारलं बरं वाटतंय का तर म्हणाले स्टार्ट कुठे आहे, मला स्टार्टला जायचंय. अंग तापलेलं, आणि घाम येत होता, भरपूर येत होता. हे लक्षात ठेवा, ऊन लागलेल्या माणसाचा घाम थांबलेलाच असतो असं नाही, धावताना जो उष्माघात होतो त्यात घाम चालू असू शकतो. बोलणं असंबद्ध झालं, माणूस गोंधळला की तीच धोक्याची खूण. मी त्यांना धरून सावलीत बसवलं आणि खांद्यावरची ती छोटी शिट्टी, जी आठ महिन्यांत मी एकदाही वाजवली नव्हती आणि कापून टाकायचा विचार करत होते, ती जोरात वाजवली. वळणाआड मार्शल, म्हणजे रूटवर लक्ष ठेवणारा आयोजकांचा माणूस, होता, त्याला आम्ही दिसत नव्हतो, शिट्टी ऐकून तो पळत आला. तोवर दोन्ही फ्लास्क मी त्यांच्या डोक्यावर, मानेवर, काखेत ओतल्या, गोड चिकट वगैरे काही बघितलं नाही, आणि वेस्टच्या मागच्या भागाने वारा घालत राहिले. प्यायला जबरदस्तीने काही दिलं नाही, शुद्धीत नसलेल्या माणसाला पाजायचं नसतं. मार्शलने वॉकीटॉकीवर सांगितलं, टेबलापाशीच मेडिकल टेंट होता आणि तिथे बर्फाच्या पाण्याचा टब तयार होता, यासाठी आयोजकांचे मनापासून आभार मानते, साडेनऊच्या पाण्याचा राग बाजूला ठेवून. त्यांनी आधी टबमध्ये बसवलं, अँब्युलन्सचं नंतर बघितलं, आणि हेच बरोबर आहे, अशा वेळी अंग थंड करणं आधी आणि हलवणं नंतर, कारण शरीराचं आतलं तापमान ४० च्या वर जितका वेळ राहील तितकी इजा वाढते. पंधरा-वीस मिनिटांनी काका स्वतःचं नाव सांगायला लागले. मी तोपर्यंत तिथेच होते. माझे पाय थरथरत होते, चढामुळे नाही.

त्यानंतरचे तीन किलोमीटर मी काही रेस म्हणून धावले नाही. तरी उताराबद्दल लिहायचंय कारण वेस्ट उतारावर कशी वागते हे महत्त्वाचं आहे. टेबलावर एकच फ्लास्क भरून घेतली होती, दुसरी रिकामी, आणि हे चुकलं. एका बाजूला अर्धा किलो आणि दुसरीकडे काही नाही, वेस्ट प्रत्येक पावलाला एका खांद्याकडे ओढत होती, डावा पट्टा मानेवर घासायला लागला. दोन्हीत निम्मं निम्मं भरायला हवं होतं. बाकी उतारावर उडणं अगदी कमी, पट्टे नीट बसवले असतील तर. खालचा पट्टा उताराच्या आधी एक बोट घट्ट करायचा आणि चढाच्या आधी सैल, हे धावता धावता एका हाताने जमतं. उतारावर मांड्या प्रत्येक पावलाला ब्रेक लावत असतात, स्नायू ताणला जात असतानाच जोर लावतो आणि नंतर दोन-तीन दिवस जे दुखतं ते त्याचंच. वेस्ट हलत असेल तर ते ब्रेक अजून जोरात लावावे लागतात.

एक काळजीची गोष्ट. लिटरभर पाणी छातीवर असलं की हात सारखा फ्लास्ककडे जातो, तहान नसताना पण. उकाड्यात कमी पिण्याची भीती सगळ्यांना असते, जास्त पिण्याची कोणालाच नसते. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं होतं तेव्हा १३ टक्के लोकांच्या रक्तात सोडियम, म्हणजे मिठाचा अंश, कमी निघालं, आणि त्याचा सगळ्यात जवळचा संबंध होता धावताना वजन वाढण्याशी, म्हणजे घाम गेला त्याहून जास्त पिण्याशी. हळू धावणाऱ्यांना हा धोका जास्त, कारण त्यांना प्यायला वेळ जास्त मिळतो. म्हणून स्वतःचा घाम एकदा मोजा. तासभर धावायच्या आधी आणि नंतर कमी कपड्यात, अंग पुसून वजन करा, मध्ये प्यायलेलं पाणी त्यात धरा. माझं थंडीत तासाला अर्धा लिटर जातं, उकाड्यात जवळपास एक लिटर. तेवढं सगळं भरून काढायचं नसतं, तहान लागेल तसं प्यायचं, पण आपला आकडा माहीत असला की फ्लास्क किती भरायची ते कळतं.

घरी आल्यावर आरशात बघितलं तर गळ्याच्या हाडावर दोन्ही बाजूंना लाल पट्टे आणि काखेखाली एक सोललेला भाग. थंडीत असं कधीच झालं नव्हतं, घाम आणि मीठ मिळून कापड सँडपेपरसारखं होतं. व्हॅसलीन लावलं होतं पण फक्त काखेत, गळ्याच्या हाडावर आणि ब्राच्या पट्टीवर वेस्ट येते तिथेही लावायला हवं. बाहीचा टीशर्ट आत घातला तर हा प्रश्न बराच कमी होतो, पण उकाड्यात तेही नको वाटतं. फोन मागच्या झिपमध्ये होता, झिपची पिशवी वापरल्यामुळे वाचला, मैत्रिणीने आधीच्या एका रेसमध्ये असाच खिशात ठेवला होता तो घामानेच बंद पडला होता. त्या कप्प्याला वॉटरप्रूफ समजू नका, पाऊस बाहेरून येतो, घाम आतून.

धुण्याचं. वेस्ट मशीनमध्ये टाकत नाही, बादलीत साध्या पाण्यात अर्धा तास, मग सावलीत वाळत. मीठ राहिलं तर झिप अडकायला लागतात, माझी डावी झिप आठ महिन्यांत अडकायला लागलीच आहे, शिवण मात्र एकही उसवलेली नाही. फ्लास्कला आत वास येतो, गोड पेय ठेवलं असेल तर लवकरच. खायचा सोडा आणि कोमट पाणी रात्रभर, मग नीट धुऊन पाणी निथळू द्यायचं आणि झाकण उघडं ठेवून सरळ फ्रीझरमध्ये टाकायच्या, तिथे बुरशी वाढत नाही. फ्लास्कचं चोखायचं टोक काढून वेगळं धुवा, काळी बुरशी तिथेच धरते आणि बाहेरून दिसत नाही.

पाचपैकी चार देतेय. एक गुण पाठीच्या उकाड्यासाठी आणि अरुंद फ्लास्कसाठी कापला. थंड, सपाट, भरपूर टेबलं असलेल्या हाफला पैसे घालवू नका, हातातली बाटली पुरे. चढउतार असेल, टेबलं लांब असतील, किंवा तुम्ही माझ्यासारखं अडीच तास रस्त्यावर राहणार असाल तर घ्या, आणि घेतल्यावर रेसच्या आधी किमान तीन लाँग रन भरलेल्या फ्लास्क घालून करा.

शिट्टी कापली नाहीये. उलट पट्ट्याच्या आत दुमडलेली असायची ती आता बाहेर काढून, तोंडाजवळ येईल अशी शिवून घेतलीये.